झिनियाची चौथी कॅसेट

मंदा,

तुला जाऊन आज महिना झाला. मला कळलं तेव्हा तीन दिवस उलटून गेलेले. जेवणाच्या सुट्टीनंतर सुपरवायझर माझ्या मशीनपाशी आले आणि म्हणाले, "ती टेस्टिंगमधली तुझी मैत्रीण गेली म्हणे." मला वाटलं, दुसऱ्या कंपनीत लागलीस. मी विचारलं, "कुठे?" ते नुसते बघत राहिले आणि मग मला समजलं. मशीनवर कॉइल चढवलेली होती. ती मी पूर्ण केली, तार कापली, ट्रेमध्ये ठेवली, आणि त्यानंतर बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. मी आधी कॉइल पूर्ण केली, याचा मला अजून राग येतो.

सात महिने आपण बोललो नव्हतो. का, ते कुणाला सांगायची सोय नाही. पंचविशी ओलांडलेल्या दोघी एका गाणारणीच्या कॅसेटवरून भांडल्या आणि त्यांनी एकमेकींचं तोंड बघणं सोडलं, असं सांगितलं तर लोक हसतील. घरी मी आईला एवढंच म्हणाले की आमच्या कंपनीत आधी होती ती एक मुलगी वारली. आईने विचारलं, काय झालेलं तिला? मी म्हणाले, माहीत नाही. आणि तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.

वागळे इस्टेटमधल्या त्या कंपनीत मी तुझ्यामागून दीड वर्षाने लागले. रेडिओत, टेपरेकॉर्डरमध्ये बसतात ते छोटे स्पीकर आपण बनवायचो. मी कॉइल गुंडाळायचे, तू टेस्टिंगला. एका कोपऱ्यात ती लाकडी खोली, आतून गोणपाट ठोकलेलं, एवढीशी खिडकी, आणि आत तू. स्पीकर जोडायचा, मशीन खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत एक लांब शीळ घालायचं, आणि त्या शिळेत कुठे जराशी खरखर आली की तू खडूने फुली मारून तो बाजूला ठेवायचीस. बाकीच्यांना ती खरखर दाखवली तरी ऐकू यायची नाही. मंदाने बघितलेला माल परत येत नाही, असं सुपरवायझर बाहेरच्या लोकांना सांगायचे. तू ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस, पण डबा उघडताना तुझ्या चेहऱ्यावर दिसायचं.

मी कल्याणजवळच्या मोहन्याहून येणारी, कुणाशी बोलत नसे. पहिले दोन महिने मी डबा मशीनपाशीच खाल्ला. एक दिवस तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "तू काय गुणगुणतेस, माहितीय तुला?" मी घाबरले. वाटलं, आवाजाचा त्रास होतोय म्हणून तक्रार करायला आलीस. तू म्हणालीस, "झिनियाच्या कॅसेटमधलं दुसऱ्या बाजूचं शेवटचं. ते कुणालाच येत नाही. तिथपर्यंत कॅसेट कुणी वाजवतच नाही."

झिनिया तेव्हा नवीन होती. सिनेमात न गाता स्वतःच्या नावाने कॅसेट काढणारी. बारीक कापलेले केस, मोठ्या रिंगा, किंचित घोगरा आवाज. पोरं तिच्या नाचाबद्दल बोलायची. तिच्या आवाजाबद्दल बोलणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं ते तू. त्या दिवशी तू तुझा डबा घेऊन माझ्याकडे आलीस. दुसऱ्या दिवशीही आलीस. मग आपण कधी ठरवलं नाही, पण रोज तसंच झालं.

दुसरी कॅसेट आली तेव्हा तू नियम केलास. शनिवारी अर्धा दिवस असायचा. स्टेशनजवळच्या दुकानातून कॅसेट घेतली, आणि तू मला पहिल्यांदा चेंदणी कोळीवाड्यात तुझ्या घरी नेलंस. तुझी आई ओट्यावर जवळा निवडत बसलेली. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मासळी खातंस ना गो?" मी हो म्हटल्यावर तिचं माझ्याशी जमलं. धाकटी गुलाब तेव्हा शाळेत होती, कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली. तुमच्या टेपला तू स्वतः निवडलेला स्पीकर बसवलेला. नियम असा: दोन्ही बाजू सलग ऐकायच्या. मध्ये बोलायचं नाही, गाणं मागे घ्यायचं नाही. संपल्यावर दोघींनी कागदावर आपापलं लिहायचं, एकमेकींचं न बघता, आणि मग कागद बदलायचे. पहिल्यांदा ऐकताना जे वाटतं ते परत कधी वाटत नाही, असं तुझं म्हणणं होतं. दुसऱ्यांदा आपण गाणं ऐकत नाही, आठवतो.

मी लिहिलं होतं, छान आहे, तिसरं गाणं फार छान आहे, ऐकताना आमचा नदीकाठ आठवला. वाचून तू हसली नाहीस, याबद्दल मी अजून तुझी ऋणी आहे. तुझ्या कागदावर लिहिलेलं: "तिच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत. गाताना हात हलतो. तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी वाजतात. रेकॉर्डिंगवाल्यांनी काढायला सांगितल्या नसतील, नाहीतर हिने ऐकलं नसेल. बरं केलं."

मी गाणं परत लावलं. बांगड्या होत्या. अगदी बारीक, आवाजाच्या मागे, कुणीतरी शेजारच्या खोलीत कूस बदलल्यासारख्या. त्या एकदा ऐकल्यावर मला दर वेळी ऐकू येऊ लागल्या. तू एका साप्ताहिकाला त्याबद्दल पत्र लिहिलंस आणि ते छापून आलं, खाली नाव, मंदाकिनी, ठाणे. कॅसेटवाल्याने कात्रण दुकानात लावलं. कॉलेजची मुलं येऊन त्याला विचारायची, बांगड्या नक्की कुठल्या गाण्यात आहेत. आपण दोघी बाजूला उभ्या राहून ऐकायचो. ती पत्रवाली तूच, हे तू मला सांगू दिलं नाहीस.

एकदा तू मोहन्याला आमच्याकडे आलेलीस. माझे वडील रेयॉनच्या कारखान्यात, त्यांच्या शर्टाला कायम एक उग्र वास. आम्हाला सवय होती, पण पाहुणे आले की आई शर्ट मागच्या दारी टाकायची. त्या दिवशी विसरली. मी ओशाळले. तू म्हणालीस, "आमच्याकडे सुक्या मासळीचा, तुमच्याकडे याचा. आपल्या दोघींच्या नाकाचं काही खरं नाही. कान चांगले आहेत तेवढं पुरे." वडील हसले. ते सहसा हसत नसत. जेवताना तू त्यांना कारखान्यातल्या मशीनचे आवाज विचारलेस. कुठलं मशीन बिघडायच्या आधी कसं वाजतं, असं. त्यांना आयुष्यात कुणी हे विचारलं नव्हतं. ते तासभर बोलत राहिले. तू गेल्यानंतर बरेच दिवस ते मला विचारायचे, ती कोळ्यांची पोर काय म्हणते.

तिसरी कॅसेट आली तेव्हा माझं बरं चाललेलं नव्हतं. कल्याणच्या एका घरून होकार आलेला, मग काही कारण न देता त्यांनी नाही कळवलं. घरात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं आणि त्या न बोलण्यात मी जेवत होते, झोपत होते. तूही बदललेलीस. बारीक झालेलीस. सकाळी उशिरा यायचीस, विचारलं तर म्हणायचीस, खोपटला बस चुकली. तुझ्या घरून कंपनीत यायला खोपटची बस कशाला लागते, हे मी विचारलं नाही. मला माझंच पुष्कळ होतं.

त्या शनिवारी आपण नेहमीसारख्या बसलो. झिनिया पहिल्या ओळीपासून माझ्याशीच बोलत होती, निदान मला तरी तसं वाटलं. कुणी नाही म्हटलं, कुणी उत्तर दिलं नाही, तरी मी माझ्या दारात दिवा लावून बसले आहे, अशा अर्थाचं काहीतरी ती गात होती. मी दीड पान लिहिलं. एवढं मी कधी लिहिलं नव्हतं. माझ्या आयुष्यात त्या वर्षी माझ्या बाजूने बोललेली ती एकच गोष्ट होती. मग मी तुझा कागद घेतला.

"आवाज बोथट झालाय. झांज नाही. टाळ्या पोत्यावर मारल्यासारख्या. बांगड्या काढून ठेवल्यात. हिने मन काढून घेतलंय. ही कॅसेट मी परत ऐकणार नाही."

मी म्हणाले, बांगड्या आहेत की. पहिल्याच गाण्यात आहेत.

"नाहीत," तू म्हणालीस.

आपला नियम होता, पण मी टेप मागे घेतली. ती जागा लावली. बांगड्या वाजल्या. तू मान हलवलीस. मी परत लावली. मग मी तुझं डोकं धरून कान स्पीकरला लावला आणि तिसऱ्यांदा लावली. "आता? आता आल्या ऐकू?" तू डोळे मिटून ऐकत होतीस. तुझ्या केसांना औषधाचा वास येत होता, तो मला तेव्हाही आला. तू म्हणालीस, "नाही गं, सुनी."

मग मी बोलले. "तिचा आवाज नाही गेला, मंदा. तुझे कान गेलेत."

ओट्यावर तुझ्या आईचा हात थांबला. गुलाबने पुस्तकातून मान वर केली. तू उठलीस, टेप बंद केलीस, कॅसेट काढून तिच्या डबीत नीट बसवलीस आणि माझ्या हातात दिलीस. "तू ठेव." एवढंच. मी चपला घातल्या आणि निघाले. स्टेशनपर्यंत मला वाटत होतं की मी जिंकले.

आता पुढचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आणि सांगायची वेळ होती तेव्हा मान खाली घातली.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी कंपनीत माल परत आला. एक अख्खं खोकं, सगळे स्पीकर खरखरणारे. सुपरवायझरनी तुला बोलावलं नाही, मला बोलावलं. म्हणाले, "तू तिच्याजवळची आहेस. तिच्या कानांचं काही आहे का?" मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. तिलाच विचारा, असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "वरचे सूर तिला ऐकू येत नाहीत." आणि मग त्यांनी न विचारता आणखी सांगितलं, की बांगडी ऐकू येत नाही, झांज ऐकू येत नाही, खालचं सगळं येतं. तूच शिकवलेल्या शब्दांत सांगितलं.

दोन दिवसांनी त्यांनी तुला पॅकिंगला बसवलं. त्या लाकडी खोलीत दुसरी मुलगी आली. तू खोक्यांना चिकटपट्टी लावायचीस. एकदा ट्रे घेऊन माझ्या मशीनवरून गेलीस आणि क्षणभर थांबलीस. मी तार बघत राहिले. त्या आठवड्यानंतर तू आली नाहीस.

खरं होतं म्हणून सांगितलं, असं मी स्वतःला बजावत राहिले. कंपनीचा माल होता, विचारलं म्हणून सांगितलं. पण मंदा, तुझ्याशी कसलं लपवायचं. मला राग होता. माझ्या कॅसेटला तू बोथट म्हणालीस, त्याचा.

बातमी कळल्यावर दोन दिवसांनी मी तुझ्या घरी गेले. तुझी आई ओट्यावरच होती. समोर जवळा नव्हता, सूप नव्हतं. हात नुसते मांडीवर. मला बघून ती सरकली आणि बसायला जागा केली. मग तिने आपणहून सांगायला घेतलं, रस्त्याकडे बघत, हळू आवाजात, जसं काही शेजारच्या ओट्यावरच्या बाईला कळता कामा नये.

तुला टीबी झालेला. तिसऱ्या कॅसेटच्या आधी दीड महिन्यापासून तू खोपटजवळच्या दवाखान्यात जायचीस, रोज सकाळी इंजेक्शन घ्यायला. कुणाला सांगायचं नाही, अशी तू आईला शपथ घातलेली, कारण गुलाबचं उद्या बघायला लागायचं, आणि टीबीचं घर म्हटलं की कोण येणार. मी कान गेले म्हणाले, त्यानंतरच्या सोमवारी तू तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलंस. त्या म्हणाल्या, इंजेक्शनाने होतं कधीकधी असं, आपण ते बंद करू, पण गोळ्या चालू ठेव. तू बाहेर आलीस आणि परत गेली नाहीस.

"गोळ्यापन कानालाच लागतील, बोलली," तुझी आई म्हणाली. "मी लय सांगलं. बोलली, आये, मना ऐकूच आलं नाय तर कामावर कोन ठेवील? मग कामपन गेलं. मग तर ती उठलीच नाय."

मी विचारलं, काम कसं गेलं, ते सांगितलं का तिने?

"कोनीतरी सायबाला सांगलं, बोलली."

कोणीतरी. मंदा, तुला माणसांची नावं कधी चुकली नाहीत. बसच्या कंडक्टरला नावाने हाक मारायचीस. कॅसेटवर वाजवणाऱ्यांची बारीक अक्षरातली नावं तुला पाठ होती. आणि इथे तू कोणीतरी म्हणालीस. तुला माहीत नव्हतं, की माहीत होतं आणि तुझ्या आईच्या मनात तुला माझी जागा ठेवायची होती? मी महिनाभर हाच विचार करतेय. माझ्या मशीनपाशी थांबलेलीस तेव्हा तू विचारणार होतीस की सांगणार होतीस? त्या दिवशी ओट्यावर मी तुझ्या आईला काही बोलले नाही. चहा घेतला आणि आले.

त्यानंतरच्या आठवड्यात झिनियाची चौथी कॅसेट आली.

मी दुकानात गेले ती पायांच्या सवयीने. काउंटरपाशी चारपाच जण होते. दुकानदाराने ती मोठ्याने लावलेली आणि सगळे एकदम बोलत होते. एक मुलगी म्हणत होती, ही काय आता भजनं म्हणणार का. तिच्यासोबतची म्हणाली, मला तर रडू आलं, हीच सगळ्यात भारी. एका चष्मेवाल्या मुलाचं म्हणणं, नाचायला एकपण गाणं नाही, कॉलेजच्या गॅदरिंगला काय लावायचं. एकाला कव्हर आवडलं नव्हतं, फोटोत झिनिया पाठमोरी आहे, तोंड दिसत नाही. मी त्यांच्यात उभी होते आणि प्रत्येकाचं ऐकून मला तुझं उत्तर सुचत होतं. भजनवालीला तू काय म्हणाली असतीस, ते तर शब्दासकट. पण तुझं स्वतःचं मत काय झालं असतं, ते सुचेना. ते कधीच आधी सुचायचं नाही.

दुकानदाराने मला ओळखलं. कॅसेट कागदात गुंडाळताना विचारलं, "ताई, तुमच्या मैत्रिणीला कशी वाटली?"

मी म्हणाले, "तिने अजून ऐकली नाही."

घरी आणून मी ती कपाटात ठेवली. आठ दिवस मला लावता आली नाही. एकटीने पहिल्यांदा ऐकायचं म्हणजे काय करायचं, तेच कळेना. लिहायचं ते कुणाला द्यायचं? मग गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी मी ती घेऊन तुझ्या घरी गेले. दिवसकार्य होऊन गेलेलं. तुझ्या आईला म्हणाले, मावशी, तुम्हाला चालणार नसेल तर राहू दे. तिने कॅसेट हातात घेऊन उलटीपालटी केली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "लाव. बारीक लाव, लोकं काय बोलतील."

तुझा टेप, तुझा स्पीकर. मी तुझ्या जागेवर बसले नाही, माझ्याच बसले. तुझी आई उंबऱ्यात. गुलाब आत, चुलीपाशी.

मंदा, झिनिया बदललीय. गाणी संथ झालीत. पूर्वी ती ओळीच्या शेवटी आवाज उडवून द्यायची, आता खाली ठेवते, हळूच, काहीतरी फुटेल अशा बेताने. पहिलं गाणं मला आवडलं नाही. दुसऱ्यात नुसतं व्हायोलिन आणि ती. तिसऱ्यात तिचा श्वास ऐकू येतो, थकलेला. आणि बांगड्या नाहीत. मी पूर्ण पहिली बाजू बांगड्याच शोधत होते. या वेळी खरंच नाहीत. की आहेत आणि मला ऐकू येत नाहीत? हे मला कोण सांगणार आता? तुझ्यासारखा कान माझ्याजवळ कधी नव्हताच. मी तू दाखवलेलं ऐकायचे.

पहिली बाजू संपायच्या बेतात होती तेव्हा तुझी आई नियम मोडून बोलली. "ही पोर एकटी पडलीय गो." झिनियाबद्दल. मी काही लिहिण्याआधी सगळं तिने सांगून टाकलं. तुझा कागद असता तर त्यावर बहुतेक हेच असतं.

आवाज बारीक ठेवलेला म्हणून दोन गाण्यांमधली शांतता मोठी वाटत होती. त्या बाजूच्या शेवटच्या गाण्याच्या आधी त्या शांततेत मला आतून खोकला ऐकू आला. तोंडावर पदर दाबून काढलेला. गाणं सुरू झालं. मी गाणं ऐकलं नाही, आतला कानोसा घेत राहिले. मधल्या कडव्याला परत आला. एकदा, दोनदा, आणि मग कुणीतरी दम लागल्यासारखा श्वास घेतला.

मी टेप थांबवली. विचारलं, "मावशी, गुलाबला खोकला कधीपासून आहे?"

"धुराचा हाय."

"मंदाचापण धुराचाच होता?"

तिने माझ्याकडे बघितलं ते विसरता यायचं नाही. गुलाब आतून दारात येऊन उभी राहिली. अठराची झालीय ती, मंदा. तुझ्यासारखीच उंच. गळ्याची हाडं दिसायला लागलीत. ती म्हणाली, काही नाही ताई, बरं आहे मला. तुझ्याच आवाजात, खोपटला बस चुकली म्हणायचीस त्या.

मग मी सांगितलं. म्हणाले, "मावशी, सायबाला सांगणारी मी होते. मंदाला ऐकू येत नाही, हे मीच सांगितलं. जिला विचारायचं तिला विचारलं नाही आणि ज्याला सांगू नये त्याला सांगितलं. आता तुम्हाला सांगतेय. गुलाबला दवाखान्यात न्यायला पाहिजे."

तुझी आई उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं, आता मी निघावं. मी कॅसेट काढली, डबीत घातली. तेवढ्यात ती परत आली, उंबऱ्यात तशीच बसली. डोळे पुसलेले होते की नाही, मला कळलं नाही. मी सांगितलेल्यावर ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि अजूनही नाही. तिने विचारलं, "किती वाजता उघडतो दवाखाना?"

सोमवारी मी रजा टाकली. तिघी गेलो. खोपटचा तोच दवाखाना, कारण तुझ्या आईला तोच माहीत. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, बुधवारी परत बोलावलं. आहे, मंदा. सुरुवात आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बरी होईल, पण एक दिवसही गोळ्या चुकवायच्या नाहीत. मी त्यांना कानांचं विचारलं. त्या म्हणाल्या, हिला इंजेक्शन नाही, नुसत्या गोळ्या. मी परत विचारलं, गोळ्यांनी कान जातात का? नाही, म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कोणाचे गेले, म्हणून विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. त्यांना तू आठवत होतीस. इंजेक्शन टोचताना तू गाणं म्हणायचीस, म्हणाल्या. कुठलं, ते त्यांना आठवेना. मी फार विचारलं.

आता शनिवारी सुट्टी झाली की मी कोळीवाड्यात जाते आणि गुलाबच्या गोळ्यांचं पाकीट बघते. ती चिडते. चिडू दे. चौथ्या कॅसेटची दुसरी बाजू आम्ही अजून ऐकलेली नाही. कुणी विषय काढत नाही आणि मलाही घाई नाही.

काल सकाळची एक गोष्ट सांगायची राहिली. गुलाबची तारीख होती म्हणून मी लवकर आलेले. तिघी गल्लीतून निघालो. तुझी आई पुढे, गुलाब मध्ये, मी मागे. पाण्याच्या नळापाशी दोन घरं पलीकडची ती बाई उभी होती. तिने विचारलं, सकाळी सकाळी पोरीला घेऊन कुठे चाललीस गो? मागच्या दोन्ही वेळी कुणी विचारलं तेव्हा तुझी आई म्हणालेली, भावाकडे. मला वाटलं, आताही तेच म्हणेल. गुलाबने मान खाली घातलीच होती.

तुझी आई थांबली. पदर सारखा केला. आणि मासळीबाजारात हाक घालताना काढायची त्या आवाजात म्हणाली, "टीबीच्या दवाखान्यात. गुलाबला टीबी झालाय. माज्या मंदालापन तोच झालेला."

त्या बाईने भरत आलेली कळशी बाजूला केली आणि गुलाबच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, जा गो, लवकर जा, उन्हाच्या आत ये. तुझी आई पुढे चालायला लागली. आणि मी, सवयीने, बाजूला वळून बघितलं, तुझा चेहरा कसा झालाय ते बघायला.